कागदावर नसलेला प्रश्न

समोरच्या माणसाने नाव विचारले. घनश्यामला ते सांगायचे होते, नाव जिभेच्या मुळाशी येऊन उभेही राहिले होते, पण पुढे सरकत नव्हते. भंडाऱ्यातल्या एका पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावरची ती खोली, टेबलापलीकडे तिघे जण, मधल्या गृहस्थांच्या हातात त्याचाच अर्ज. सुरुवातीला त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते. मग थोडे आश्चर्य आले, आणि मग ती जुनी ओळखीची गोष्ट आली, जी घनश्यामने शाळेपासून शेकडो चेहऱ्यांवर उमटताना पाहिली होती: आधी दया, आणि दयेच्या पाठोपाठ घाई. त्याची हनुवटी थरथरली, मान एका बाजूला ओढली गेली, घशात घ नुसता घुमत राहिला. गृहस्थांनी अर्जावर बोट ठेवले आणि म्हणाले, "घनश्याम गोमाजी कापगते. बरोबर ना?" त्याने मान हलवली. त्यानंतर त्यांनी त्याला काहीही विचारले नाही. ते वाईट माणूस नव्हते. "कळवू हं" असे हळुवारपणे म्हणाले, शिपायाला त्याच्यासाठी दार उघडायला सांगितले. जिना उतरताना घनश्यामला राग आला नाही. त्याला फक्त एवढेच जाणवले, की त्या माणसाने त्याचे नाव किती सहज उचलले होते, टेबलावरची टाचणी उचलावी तसे.

खांब तलावाच्या काठाने तो छापखान्यापर्यंत चालत आला, आणि वाटेत कुणी नाही असे पाहून तेच नाव त्याने तीनदा म्हटले. तिन्ही वेळा ते स्वच्छ आले. हे नेहमीचेच. एकटा असला की तो सगळे बोलू शकत असे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला त्याने भाताच्या किडींवरची टिपणे खोलीत फिरत फिरत मोठ्याने पाठ केली होती आणि तोंडी परीक्षेत त्यातले एक वाक्य त्याला पुरे करता आले नव्हते. आता सत्तावीस वर्षांचा होऊन तो एका छापखान्यात खिळे जुळवत होता. हे काम त्याला मानवले होते. खणातून अक्षर उचलायचे, ओळीत बसवायचे. अक्षर हाताला कधी नाही म्हणत नसे. लग्नपत्रिकांचा हंगाम आला की दिवसभर कुणाशी न बोलता निघून जाई. पण ते रोजंदारीचे काम होते आणि पुढच्या वर्षी ऑफसेटचे यंत्र आले की खिळे भंगारात जाणार, हे मालकाने सांगूनच ठेवले होते. म्हणून अर्ज. दोन वर्षांत चौदा ठिकाणी तो मुलाखतीला जाऊन आला होता, आणि चौदाही ठिकाणी पहिला प्रश्न हाच होता.

पत्रिकांमुळेच त्याची परसरामशी ओळख झाली होती. परसरामचा फोटो स्टुडिओ छापखान्याच्या बाजूलाच होता, आणि गेल्या वर्षीपासून तो लग्नांचे व्हिडिओ शूटिंग करू लागला होता. खांद्यावर कॅमेरा, कमरेला जाड वायरने जोडलेला रेकॉर्डर, मागे दिवा धरणारा गडी. लाखांदूर, पवनी, साकोली, सगळीकडून त्याला बोलावणी येत. पण दसरा झाला तरी तुळशीचे लग्न लागेपर्यंत कॅमेऱ्याला काम नव्हते. त्या दिवशी घनश्यामचा चेहरा पाहून त्याने काही विचारले नाही. चहा मागवला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, "हे पाय, पोरगी पाहाले जाच्या आधी आता लोक कॅसेट मांगून राहिले. फोटोत उंची समजत नाही म्हणतेत. नोकरीवाल्यायले कॅसेट पाठवली तर काय बिघडते? तू बोल, मी शूट करतो. चुकला तर पुन्हा घेऊ. धा वेळा घेऊ. त्या टेबलासमोर तुले धा वेळा कोन देते?" घनश्यामच्या खिशात वर्तमानपत्राचे एक कात्रण होते. नागपूरच्या एका बियाणे कंपनीला भंडारा जिल्ह्यासाठी क्षेत्र सहायक हवा होता. विज्ञान पदवीधर, धानपिकाची माहिती, आणि खाली, त्याने दहादा वाचून दहादा घडी घातलेली ओळ: शेतकऱ्यांशी संवाद साधता येणे आवश्यक. धा वेळा घेऊ, हे शब्द त्याच्या मनात दिवसभर राहिले. चुकलेले पुसून टाकता येईल, असे बोलणे त्याने कधी कल्पिलेच नव्हते.

रविवारी सकाळी परसराम सगळे सामान घेऊन त्याच्या खोलीवर आला. भिंतीवर चादर लावली, खुर्ची मांडली, दिवा लावला. त्या दिव्याने खोली क्षणात अनोळखी झाली. कोपऱ्यातली घागर, दोरीवरचे कपडे, सगळे कुणा दुसऱ्याचे वाटू लागले. आणि नेमके त्याच वेळी दारात बाबा उभे राहिले. महिन्यातून एकदा ते एकोडीहून येत, साकोलीवरून एस.टी.ने, मांडीवर तांदळाची पिशवी घेऊन. येत, पिशवी कोपऱ्यात ठेवत, घनश्यामने केलेला भात खात, तासभर बसत आणि परतीची गाडी धरत. त्या तासात दोघांत चार-पाच शब्द होत असत. बाबा तोतरे होते, घनश्यामपेक्षाही जास्त. पण घनश्याम जसा शब्दाशी झटून झटून घामाघूम होई, तसे बाबा करत नसत. त्यांनी बोलणेच सोडून दिले होते. निदान त्याच्याशी तरी. घरात बोलायची ती माय, धुरपता. ती बोलू लागली की चुलीपासून तलावापर्यंत ऐकू जाई. बाबांचे वाक्य तीच पुरे करी, घनश्यामचेही करी, आणि दोघांच्या वाटचे स्वतःचेही भरपूर बोलून घेई. बाबांनी त्याला पोहायला शिकवले ते पोटाखाली हात धरून. नांगर धरायला शिकवले ते त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवून. धानाची लोंबी भरली की नाही हे पाहायला शिकवले ते दाणा त्याच्या दातांत देऊन. शब्द एकही नाही. लहानपणी त्याला वाटे, सगळेच बाप असे असतात. मग शेजारचा यादोराव आपल्या पोरांना ओट्यावर बसवून गोष्टी सांगताना दिसला, तेव्हा कळले की नसतात. पुढे कॉलेजात गेल्यावर त्याने मनाशी एक कारण ठरवून टाकले: आपल्यात बाबांना स्वतःचीच खोड दिसते, आणि ती त्यांना पाहवत नाही. हे कारण त्याने कधी तपासले नाही. ठरलेल्या कारणाचा एक आधार असतो, तो त्याने इतकी वर्षे धरून ठेवला होता.

बाबा दिव्याकडे पाहत भिंतीशी उकिडवे बसले. परसरामने विचारले, "नाव काय तुमचं?" आणि घनश्यामची मान वाकडी झाली. कॅमेऱ्यावरचा लाल ठिपका जळत होता. पुन्हा घेतले. पुन्हा. सहाव्या वेळी घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला, आणि त्याला कळून चुकले की दहा वेळा मिळणे म्हणजे दहा वेळा तेच होणे. टेबलापलीकडच्या माणसाला निदान घाई असते. या काचेला घाईही नव्हती. परसरामने कॅमेरा तिवईवर ठेवला. "अबे, मलेच पाहून तुले भेव वाटून राहिलं," तो म्हणाला. "मी बाहेर उभा राहतो. काकाजी, तुमाले वाचता येते ना? हे घ्या, यात सवाल लिवले आहेत. तुमी इचारा. बटन मी दाबून जातो." बाबांनी कागद घेतला. ते चौथीपर्यंत शिकलेले होते. त्यांनी कागद दिव्याच्या उजेडात धरला, आणि घनश्यामला एकदम त्यांच्यासाठी भीती वाटली. दारातून ओरडून सांगावे, राहू दे, त्यांना नको हे. पण परसराम गेला होता.

"ना," बाबा म्हणाले, आणि थांबले. त्यांचे डोळे मिटले. ओठ आवळले गेले, उघडले, पुन्हा आवळले गेले. गल्लीतून एक सायकल घंटी वाजवत गेली. "ना... नाव." घनश्याम त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. इतक्या वेळात तो स्वतःला विसरला होता. "तु... तुमचं नाव काय?" कागदावर होते तसेच बाबांनी वाचले, स्वतःच्या मुलाला तुमचं म्हणून. घनश्यामला हसू आले, आणि हसतच तो बोलला. घ अडला; थोडा वेळ अडून राहिला; पण समोर जो माणूस बसला होता त्याला त्या अडण्यात काहीच नवल नव्हते, तो वाट पाहत होता, जशी गाडीची पाहावी. मग नाव आले. गाव आले, शिक्षण आले. एक प्रश्न, मोठा थांबा. एक उत्तर, तसाच थांबा. दोघेही आपापल्या वेळाने पोहोचत होते. नोकरी का हवी, या चौथ्या प्रश्नाला त्याने काय उत्तर दिले ते त्याला नंतर आठवले नाही. कागद संपला. बाबांनी तो घडी करून मांडीवर ठेवला. परसराम अजून आला नव्हता आणि कॅमेरा चालूच होता. बाबा जमिनीकडे पाहत होते. मग त्यांनी मान वर केली आणि कागदावर नसलेला एक प्रश्न विचारला.

"आपल्या त... तलावाखालच्या बांधीत," ते म्हणाले, "गेल्या साली धानाच्या मंधात नळी निघली होती. का... कांद्याच्या पातीसारखी. पोकळ. त्याले लोंबच नाही आला. ते काय असते?"

घनश्यामला ते ठाऊक होते. पाच वर्षांपासून ठाऊक होते. परीक्षेत त्याने त्यावर दोन पाने लिहिली होती. आणि बाबांच्या त्या बांधीतले, तलावाखालच्या शेतातले पीक गेले, हे मायने त्याला पत्रातून कळवले होते, तेव्हाही त्याने काही लिहिले नव्हते. कारण बाबांनी विचारले नव्हते. "ती गादमाशी होय," तो म्हणाला. "मच्छरावानी असते, लहानशी. पानावर अंडे घालते, बाबा. त्यातून अळी निघते, थे खाली सरकत सरकत कोंबाच्या आत जाते..." तो अडत होता, पुन्हा चालत होता, हाताने दाखवत होता, बोटाची नळी करून तिच्यात दुसरे बोट घालत होता. बाबा पुढे सरकले. त्यांनी आणखी विचारले, औषध मारले होते तरी का गेले नाही. कारण नळी दिसते तवा अळीचं काम होऊन गेलेलं असते, तो म्हणाला; मारायचं ते आधी, वाफ्यातले परे लहान असतानाच; आणि रोवणी लांबवायची नाही; आणि बियाणं बदलायचं. कोणतं घ्याचं, बाबांनी विचारले. त्याने सांगितले. ते उंच वाढते का, बैलांच्या तनसाले पुरते का. त्याने सांगितले. परसराम दारात येऊन उभा राहिला तेव्हा दोघांनाही कळले नाही.

"बारा मिनटं," परसराम टेप गुंडाळताना म्हणाला. "मस्त बोलला बे तू. आता काकाजीचा आवाज काढून टाकतो, तेथं लग्नाचं म्युझिक लावून देतो, सवालाच्या जागी पाटी दाखवतो. नाही तर थे म्हनतील हे कोन अडकून राहिलं." घनश्याम खोलीच्या मधोमध उभा होता. "काढ," तो म्हणाला. ते फार सहज आले, एकही अक्षर अडले नाही. बाबा पिशवीचे तोंड बांधत होते. त्यांनी मान हलवली. "ब... बराबर आहे," ते म्हणाले, आणि भात न खाताच गाडीची वेळ झाली म्हणून उठले. घनश्याम त्यांना बसस्थानकापर्यंत सोडायला गेला. वाटेत ते नेहमीसारखेच गप्प होते, पण ती गप्प राहण्याची जात घनश्यामला आज वेगळी वाटली; की ती नेहमीच अशी होती आणि त्यानेच कधी नीट पाहिली नव्हती? खिडकीतून बाबांनी हात वर केला. गाडी वळली. त्या बराबर आहेमध्ये तक्रार नव्हती, हेच त्याला सहन होईना. माणूस एखादी गोष्ट आधीच मान्य करून बसलेला असतो, तेव्हा ती त्याच्यापासून हिसकावून घेताना हाताला काहीच ओढ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्टुडिओत गेला. परसरामने टेप लावून दाखवली. काचेच्या पेटीत घनश्याम बसला होता, चादरीसमोर, थोडा निळसर. बाबा दिसत नव्हते. त्यांचा फक्त आवाज होता, कॅमेऱ्याच्या या बाजूने, जणू टी.व्ही. पाहणाऱ्या घनश्यामच्याच खांद्यामागून येणारा. आणि तेव्हा त्याने ते ऐकले. शब्दाआधीची ती ओढाताण, मग श्वास सोडून देणे, मग पुन्हा पहिल्यापासून, दोन्ही आवाजांत अगदी एक होते. एकाच विहिरीवरच्या दोन रहाटांनी करकरावे तसे. जन्मभर त्याने आपल्या तोतरेपणाचा आवाज आतून ऐकला होता, आणि तो त्याला किळसवाणा वाटे. बाहेरून ऐकला तेव्हा तो फक्त बाबांचा आवाज होता. तो किळसवाणा नव्हता. "परसराम, जसं आहे तसंच राहू दे," तो म्हणाला. "मंग ते हसले तर?" "हसू दे." परसरामने त्याच्याकडे पाहिले आणि कॅसेट बाहेर काढून तिच्यावर पट्टी चिकटवली. पट्टीवर घनश्यामने स्वतःच्या हाताने नाव लिहिले. पार्सल रजिस्टर पोस्टाने गेले.

दिवाळी झाली, पत्रिकांचा हंगाम सुरू झाला, परसराम कॅमेरा घेऊन गावोगाव हिंडू लागला. घनश्यामने वाट पाहणे सोडून दिले होते म्हणण्यापेक्षा, वाट पाहणे आहे हे स्वतःपासून लपवले होते. मग पत्र आले. नागपूरच्या त्या कार्यालयात या वेळी एकच साहेब होते, पिकल्या केसांचे, टेबलावर धानाच्या लोंब्यांची जुडी. त्यांनी नाव विचारले नाही. "तुमची कॅसेट आम्ही माझ्या घरी पाहिली," ते म्हणाले. "इथे यंत्र नाही. माझ्या बायकोनेही पाहिली. तिला गादमाशी समजली." मग त्यांनी विचारले, "तो शेतकरी कोण?" "मा... माझे वडील." "ठरवून विचारलं का त्यांनी?" "नाही. त्यांना ख... खरंच..." "खरंच जाणून घ्यायचं होतं," साहेबांनी वाक्य पुरे केले. तेही घाईतलेच निघाले. पण घाई असूनही ते विचारत राहिले, अर्धा तास, आणि घनश्यामची मान अनेकदा वाकडी झाली. शेवटी ते म्हणाले, "मी खोटं सांगणार नाही. सभेत उभं राहून तुम्हाला बोलता येणार नाही, आणि आमचे इतर लोक सभेतच बोलतात. पण बांधावर एकेका माणसाशी बोलायला काय हरकत आहे? एक हंगाम पाहू. लाखांदूर तालुका. सायकल कंपनी देईल. पुढचं पुढे." ते फार मोठे काही नव्हते. तरी रस्त्यावर आल्यावर घनश्यामला काही वेळ कोणत्या दिशेला जायचे ते सुचले नाही.

तो भंडाऱ्याला उतरला नाही. तसाच पुढे साकोलीला आणि तिथून एकोडीला गेला. दुपारच्या उन्हात खळ्यावर धानाची चुरणी चालली होती. पसरलेल्या धानावर बैल गोल फिरत होते आणि त्यांच्यामागे बाबा. तलावाच्या पाळीआडून येताना घनश्यामला त्यांचा आवाज ऐकू आला. ते बैलांशी बोलत होते, सलग, न अडता: आता थकलास का रे, थोडं राहिलं, संध्याकाळी कोंडा देतो, तुझ्या जोडीदाराकडे पाय, तो काही म्हणते का. हा आवाज त्याने लहानपणीही ऐकला होता, कुंपणामागे लपून, आणि बैलांचा त्याला हेवा वाटला होता, इतका की एकदा त्याने त्यांना दगड मारला होता. तो पुढे झाला. बाबा गप्प झाले. बैल थांबले. त्याने सांगितले: नोकरी लागली, एका हंगामाची, लाखांदूरला, तुमच्या सवालामुळं लागली.

बाबांनी डोक्याचा दुपट्टा सोडून तोंड पुसले, आणि बराच वेळ पुसत राहिले. मग ते तनसाच्या, धानाच्या पेंढ्याच्या ढिगाला टेकले. "तुले एक," ते म्हणाले, आणि अडले. घनश्यामला शब्द सुचत होता. त्याने तो दिला नाही. "ए... एक सांगाचं होतं. तू तीन सालाचा होतास. बराबर बोलत होतास. मंग अडकाले लागला. मी तुले घेऊन डा... डाक्टरकडं गेलो. तो म्हनला, लेकरू बापाचं आयकून तसंच बोलते. तुमी त्याच्यासमोर बोलू नका." त्यांनी हाताने खाली दाबल्यासारखी खूण केली. "मंग मी ब... बंद केलो."

खळ्यावरचा भुसा उन्हात तरंगत होता. घनश्याम तेव्हा तीन वर्षांचा होता. म्हणजे चोवीस वर्षे. पोटाखालचा हात, मुठीवरची मूठ, दातांत दिलेला दाणा, महिन्याच्या महिन्याला कोपऱ्यात ठेवलेली पिशवी. "मायले मालूम होतं?" त्याने विचारले. "तिलेच सांगतलो," बाबा म्हणाले, "का आता दोघायचं तूच बोल." आणि मग, जणू हिशेब चुकला हे कबूल करावे तसे: "फायदा तर काहीच झाला नाही. मी उ... उगाच गप्प राहिलो."

घनश्याम त्यांच्या बाजूला तनसावर बसला. त्याला पुष्कळ बोलायचे होते, पण त्याच्या लक्षात आले की आज आपण ऐकायला आलो आहोत. त्याने पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. "बाबा," तो म्हणाला, "मी लहान होतो तवा तुमी मले काय सांगनार होते?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिले. हा प्रश्न त्यांना कुणीच कधी विचारला नव्हता. ते विचार करू लागले. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. घरातून माय बाहेर आली होती आणि दोघांना असे बसलेले पाहून दारातच उभी राहिली, काही न बोलता. "तू झ... झाला त्या दिवशी," बाबांनी सुरुवात केली, आणि तिथेच अडले, डोळे मिटून, मान एका बाजूला झुकवून. सायंकाळची गाडी साडेपाचला होती. ती चुकली तर दुसरी उद्या सकाळी. घनश्याम ढिगाला पाठ टेकून नीट बसला.